छर्रा बोटानं बसवायचा की आत ढकलायचा?

साखर पेठ: काल इथं एकानं लिहिलं, "छर्रा अंगठ्यानं नळीच्या तोंडाशी दाबला की झालं. पेनानं आत ढकलणं रिकामटेकड्यांचं काम." वाचल्यापासून डोकं फिरलंय. नळी मोडून भरायच्या एअर रायफलीत छर्ऱ्याचा मागचा घेर जरा जरी बाहेर राहिला, तर नळी मिटताना एका बाजूनं चेपतो. शिसं मऊच. मग चेपलेल्या बाजूनं हवा निसटते आणि छर्रा डुलत जातो. दहा मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथं डुलून चालेल? मी रेंजवर दहा-दहा बार मारून बघितले. अंगठ्यानं दाबलेल्यांतले आठ छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, दोन लांब पळाले. पेनाच्या टोपणानं दोन मिलिमीटर आत सरकवलेले सगळे शेंगदाण्याएवढ्या जागेत.

विजापूर वेस: ते मीच लिहिलं, आजही तेच म्हणतो. ढकलताना घेर नळीत आधीच घासून बारीक होतो. स्प्रिंग पिस्टन ढकलून हवा दाबते, तो धक्का क्षणभराचा. तेवढा वेळ छर्रा अडून राहिला तर दाब चढतो, घेर फुलून नळीला चिकटतो. लवकर सुटला की वेग पडतो आणि पिस्टन पुढं आदळतो. माझ्या रायफलीत अंगठ्यानं दाबलं की घेर तोंडाशी सपाट बसतो. चेपायला बाहेर राहतंय काय? दहा बारांत काय सिद्ध होतंय बे? शंभर मार, मग बोल.

जुळे सोलापूर: मॅच रायफलीत, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीत, हा प्रश्नच नाही. दांडी पुढं केली की तीच छर्रा आत नेते, दरवेळी एकाच ठिकाणी. शिकायचं असेल तर तीच घ्या.

विजापूर वेस: दोन-अडीच लाख तू देणार का? मी गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडून शिकलो. स्टॉलवाला छर्रे गालात धरायचा, एकेक काढून अंगठ्यानं दाबायचा. मीही तीस वर्षं तसंच करतो.

होटगी रोड: काका, छर्रे गालात? माझा मुलगा नववीत आहे, तोही रेंजवर हेच बघून शिकलाय. परवा घरी आला आणि हात न धुता भाकरी-शेंगाचटणीला बसला. बोटांच्या पेरांत काळपट रेघा होत्या, मी ताट ओढून घेतलं. शिसं हाडांत जाऊन वर्षानुवर्षं राहतं. मोठ्यांपेक्षा मुलांच्या पोटातून जास्त शोषलं जातं.

विजापूर वेस: ताई, मला तीस वर्षांत काही झालं नाही.

होटगी रोड: रक्त तपासलंय का कधी? दुखत नाही म्हणजे झालं नाही असं नसतं. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा म्हणत नाही. पेट्रोलमधलं शिसं देशानं 2000 साली बंद केलं, ते उगीच नाही.

जुळे सोलापूर: सॅनिटायझर ठेवला की झालं.

होटगी रोड: नाही झालं. त्यानं जंतू मरतात, शिसं हातावरच राहतं. साबण आणि पाणीच लागतं.

साखर पेठ: ताई, मुद्दा छर्रा किती आत, हा होता.

होटगी रोड: तुमच्यासाठी असेल. पेनाचं टोपण तुम्हीही दातानं काढता, मी बघितलंय. छर्ऱ्याला लागलेलं तेच टोपण.

साखर पेठ: हे मात्र खरंय. आजपासून लाकडी काडी वापरतो.

विजापूर वेस: ताईंनी एवढं ऐकवल्यावर गालात धरणार नाही, डबी कमरेला लावतो. पण बसवणार अंगठ्यानंच. आणि साखर पेठ, तुझ्या रायफलीचं तोंड खरखरीत असेल तर तिथं ढकलणंच बरं, एवढं मान्य. माझ्या रायफलीला तो नियम लावू नकोस.

साखर पेठ: रविवारी सात वाजता ये. रायफल तुझी, छर्रे एकाच डबीतले, पन्नास अंगठ्यानं, पन्नास ढकलून. कागद मी जपून ठेवतो.

होटगी रोड: रेंजच्या नळाला पाणी चार दिवसांनी येतं आणि ते शनिवारीच संपलेलं असतं. बादली मी भरून आणते, साबण तुम्ही आणा.