सोसायटी ग्रुप: मेमधली युरोप-लंडन सहल, व्हिसा कुठून टाकायचा?

अनघा, बी-६०२: नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं (मुलं १४ आणि ९ वर्षांची) युरोपला जायचं म्हणतोय. पॅरिस ४ रात्री, मग लंडन ४, मग स्वित्झर्लंड ५, शेवटी रोम ३ आणि तिथून मुंबई. स्विसच्या व्हिसा अर्जाचे स्लॉट (भेटीच्या वेळा) दिसत नाहीयेत, फ्रान्सचे दिसतायत. एजंट म्हणतो, "फ्रान्समधून टाका, शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) एकच आहे." टाकू का?

मकरंद, सी-४०५: शेंगेन एकच आहे, पण अर्ज कुठे करायचा हे आपण ठरवत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. दोन देशांत मुक्काम सारखा असेल तर जिथून आत शिरणार तो देश. तुझ्या प्लॅनमध्ये स्विस ५ आणि पॅरिस ४, म्हणजे अर्ज स्विसकडे. फ्रान्सकडे हाच प्लॅन दिला तर "हा अर्ज आमचा नाही" म्हणून परत येऊ शकतो.

अनघा, बी-६०२: एजंट म्हणतो हॉटेल बुकिंग पॅरिसचं जास्त दाखवू, नंतर रद्द करू.

मकरंद, सी-४०५: हे अजिबात करू नकोस. सीमेवर अधिकारी हॉटेल आणि परतीचं तिकीट मागू शकतो. फ्रान्सच्या व्हिसावर आलात आणि कागद भलतंच सांगतायत असं दिसलं तर व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. स्लॉटच नसेल तर खराच प्लॅन बदल: पॅरिस ५, स्विस ४. मग अर्ज रीतसर फ्रान्सचा. कागदावर जे लिहिलंस तेच फिरायचं, एवढंच.

रोहिणी, डी-११०२: अनघा, लंडन मध्ये घातलंयस तिथे दुसरी अडचण आहे. यूके शेंगेनमध्ये नाही. पॅरिसहून लंडनला गेलीस की शेंगेनमधून बाहेर पडलीस, स्विसला आलीस की पुन्हा प्रवेश. म्हणजे शेंगेन व्हिसा किमान दोन एन्ट्रींचा हवा. सिंगल एन्ट्री मिळाला तर लंडनहून पुढे विमानातच बसू देणार नाहीत.

अनघा, बी-६०२: अगं बाई. मग मल्टिपल मागू?

रोहिणी, डी-११०२: फॉर्ममध्ये मल्टिपलवर खूण जरूर कर, पण त्याच्या भरवशावर तिकिटं काढू नकोस. लंडन सुरुवातीला घे. मुंबई-लंडन, मग युरोस्टार रेल्वेने पॅरिस, पुढे स्विस, रोम, मुंबई. सिंगल एन्ट्रीतही सगळं बसतं. युरोस्टारला फ्रेंच इमिग्रेशन लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच होतं, त्यामुळे गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचायचं.

वैशाली, ए-७०१: मल्टिपलबद्दल एक भर. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालेत. मागच्या ३ वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा २ वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, त्यानंतर ५ वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असेल तर. पहिल्यांदा जाणाऱ्यांना बहुतेक वेळा सहलीपुरताच देतात.

अनघा, बी-६०२: वैशालीताई, आधी कुठला करू? यूके की शेंगेन?

वैशाली, ए-७०१: शेंगेन. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस, पण नियमाने ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. तोवर पासपोर्ट त्यांच्याकडे. यूकेचा अर्ज प्रवासाच्या ३ महिने आधीच्या आत करता येतो, निकाल साधारण ३ आठवड्यांत, आणि बायोमेट्रिकला (ठसे-फोटो द्यायला) मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. म्हणून जानेवारीत शेंगेन, पासपोर्ट हातात आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये यूके. एप्रिलपर्यंत थांबलीस तर सुट्टीच्या गर्दीत दोन्ही अडकतील.

फी शेंगेनची मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला पूर्ण फी. चौघांचे ३१५ युरो, शिवाय अर्ज गोळा करणाऱ्या केंद्राचे (व्हीएफएस कंपनीचे) सेवाशुल्क वेगळे. नकार आला तरी हे परत मिळत नाहीत. १२ वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत, बाकी तिघांनी स्वतः जायचं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

सुहास, बी-२०३: आणि ते केंद्रात "प्रीमियम लाउंज घ्या, काम लवकर होईल" म्हणतात ते?

वैशाली, ए-७०१: काका, चहा आणि खुर्ची चांगली मिळते, बाकी काही नाही. व्हीएफएस फक्त कागद गोळा करतं, निर्णय कॉन्सुलेटचा. स्लॉट विकत देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा.

अनघा, बी-६०२: कागदपत्रांची यादी साइटवर आहे, पण नक्की कुठे चुकतं?

वैशाली, ए-७०१: बँकेत चुकतं सगळ्यात जास्त. स्टेटमेंट ६ महिन्यांचं काढ, बँकेचा शिक्का-सही घेऊन, आणि अर्जाच्या आठवड्यातलं. अर्जाच्या आधी अचानक ३-४ लाख जमा झालेले दिसले की अधिकारी विचारतो हे कोणाचे. एफडी मोडून आणले असतील तर मोडल्याची पावती जोड. सासऱ्यांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोड. एफडीची पावती एकटी पुरत नाही, खात्यातली रोजची ये-जा दिसायला हवी. पगार येतो, हप्ते जातात, शिल्लक उरते, हे वाचून माणूस कळतो.

किती हवेत याला सगळीकडे एकच ठरलेला आकडा नाही. स्विसचा मापदंड माणशी दिवसाला सुमारे १०० फ्रँक. आधी भरलेली हॉटेलं असतील तर पावत्या जोड, म्हणजे खर्चाचा भार कमी दिसतो.

मकरंद, सी-४०५: पगाराच्या स्लिपा ३ महिन्यांच्या, आयटीआर निदान २-३ वर्षांचे, ऑफिसचं रजामंजुरीचं पत्र. त्या पत्रात रजेच्या तारखा आणि परत रुजू होण्याची तारीख हवीच. नुसतं "हे आमच्याकडे कामाला आहेत" एवढंच असेल तर त्या पत्राचा उपयोग अर्धा. धंदा असेल तर जीएसटी किंवा उद्यम नोंदणी आणि फर्मचंही स्टेटमेंट.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा. पॉलिसीच्या तारखा तिकिटाशी जुळतात का ते बघ. रात्रीचं विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि विमा आदल्या दिवशी संपतो, ही चूक फार होते.

रोहिणी, डी-११०२: आणि नावं! आपल्याकडे हा घोळ हमखास. पॅनवर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर नवऱ्याचं, आधारवर मधलं नावच नाही. सगळे फॉर्म पासपोर्टप्रमाणे भर, स्पेलिंगच्या अक्षरासकट. तिकीट आणि विमाही तसेच. लग्नानंतर आडनाव (आणि काहींचं पहिलं नावही) बदललेलं असतं. शेंगेनच्या फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात, यूके आणि अमेरिकेच्या फॉर्ममध्ये आधी वापरलेली सगळी नावं. तिथे माहेरचं नाव लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. सोबत विवाह दाखला.

अनघा, बी-६०२: आमचा दाखला पूर्ण मराठीत आहे.

रोहिणी, डी-११०२: मग इंग्रजी भाषांतर लागेल. यूकेसाठी भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि "हे मूळ मजकुराचं अचूक भाषांतर आहे" हे वाक्य हवं. स्वतः टाइप करून चालत नाही.

यूकेचं बाकी सोपं आहे. स्टँडर्ड व्हिजिटर, ६ महिन्यांचा पुरे. २, ५, १० वर्षांचेही मिळतात, पण फी चढत जाते आणि नकार आला तर तीही बुडते. विमा सक्तीचा नाही. तिकीट आधी काढू नका असं तेच सांगतात, तारखा आणि खर्चाचा अंदाज दिला की झालं. कागद व्हीएफएसला जायच्या आधी आपणच अपलोड करायचे. फॉर्ममध्ये घरखर्च, उत्पन्न, सहलीचा खर्च असे आकडे विचारतात. ते स्टेटमेंटशी जुळले पाहिजेत. महिन्याला लाख उत्पन्न लिहायचं आणि खात्यात ६० हजार येतायत, अशा फायली तिथेच बसतात.

मकरंद, सी-४०५: कुठल्याही देशाने आधी नकार दिला असेल तर यूकेच्या फॉर्ममध्ये तो लिहायचा. लपवला आणि सापडला तर फसवणूक धरून १० वर्षांची बंदी येऊ शकते. कॅनडात ५ वर्षं. अमेरिकेत खोट्या माहितीला कायमची बंदी लागू शकते. नुसता नकार त्यापुढे किरकोळ.

सचिव: मंडळी, उत्तम चर्चा. पार्किंगचा फॉर्म २० तारखेपर्यंत भरायचा आहे, तोही भरा.

सुहास, बी-२०३: भरला. माझा एक प्रश्न. सासूबाई ८१ वर्षांच्या, मुलीकडे न्यू जर्सीला न्यायच्या आहेत. ऐंशीच्या आसपास वय असलं की मुलाखत नसते, ड्रॉपबॉक्सला (नुसते कागद देऊन) जातं, ना?

वैशाली, ए-७०१: काका, ती सवलत गेली. २ सप्टेंबर २०२५ पासून ७९ च्या वरच्यांना आणि १४ च्या खालच्यांनाही साधारणपणे मुलाखत द्यावी लागते. आधीचा बी१/बी२ (पर्यटन-भेटीचा व्हिसा) पूर्ण मुदतीचा होता, घेताना वय १८ च्या वर होतं आणि तो संपून १२ महिने झाले नसतील तरच ड्रॉपबॉक्सची शक्यता. आधीचा व्हिसा आहे का?

सुहास, बी-२०३: २०११ चा होता. १० वर्षांचा.

वैशाली, ए-७०१: म्हणजे २०२१ लाच संपला. मुलाखत लागणार. आधी डीएस-१६० (अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म), मग १८५ डॉलर फी. फीच्या पावतीवर वर्षभरात मुलाखतीची तारीख घ्यावी लागते. पहिल्या भेटीत ठसे आणि फोटो, दुसरी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. फोटो २ इंच बाय २ इंच, चष्म्याशिवाय. डीएस-१६० भरताना २० मिनिटं हात लावला नाही की पान बंद होतं, त्यामुळे वर दिसणारा अर्ज क्रमांक आधी लिहून ठेवा आणि वरचेवर सेव्ह करा.

मकरंद, सी-४०५: काका, मुंबईत मुलाखत मराठीतही देता येते. तोडक्या इंग्रजीत गोंधळण्यापेक्षा ते बरं. दोन-तीन मिनिटांचं काम असतं. कुठे जाणार, कोणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार, इथे मागे कोण आहे. बऱ्याचदा फाइल उघडूनही बघत नाहीत, म्हणून डीएस-१६० आणि तोंडी उत्तर एकच हवं. फॉर्ममध्ये ३ महिने आणि खिडकीवर "मुलगी म्हणेल तोवर" असं नको.

सुहास, बी-२०३: नकार आला तर?

मकरंद, सी-४०५: कागदावर २१४ब लिहिलेलं असेल तर परत येण्याची खात्री पटली नाही असा अर्थ. अपील नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण नवी फी, आणि काही बदललं नसेल तर उत्तरही बहुधा तेच. २२१ग असेल तर घाबरू नका, कागद अपुरे किंवा तपास बाकी. मागितलेलं दिलं की पुढे सरकतं.

आणि १० वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे १० वर्षं राहता येतं असं नाही. किती राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा ६ महिने. आय-९४ ची (किती दिवस राहायचं त्याच्या नोंदीची) तारीख ऑनलाइन बघून घ्या, तिकीट त्याच्या आतलं हवं.

अनघा, बी-६०२: हे शेंगेनलाही लागू आहे का?

वैशाली, ए-७०१: तिथे स्टिकरवरच असतं. "पासून-पर्यंत" तारखा म्हणजे व्हिसा वापरण्याची खिडकी. "मुक्कामाचे दिवस" म्हणजे त्यात प्रत्यक्ष किती दिवस. खिडकी महिन्याची आणि दिवस १४ असू शकतात. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजतात. लांबचा मल्टिपल असला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० च. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे-फोटोची संगणक नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी आपोआप दिसतो. पासपोर्ट हातात आला की केंद्रातून निघायच्या आधी नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, एन्ट्री आणि दिवस चौघांचेही तपास. चूक असेल तर तिथेच सांगायची.

अनघा, बी-६०२: ठरलं. लंडन ४, पॅरिस ५, स्विस ४, रोम ३. फ्रान्सचा चौघांचा एकत्र स्लॉट मिळतोय. मुलांचं अजून काय?

वैशाली, ए-७०१: जन्मदाखले आणि शाळेचं बोनाफाईड. मुलांच्या फॉर्मवर आई-वडील दोघांच्याही सह्या, एकाची राहिली की परत पाठवतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारे, गेल्या १० वर्षांत काढलेले आणि दोन कोरी पानं असलेले हवेत. ९ वर्षांच्या लेकीचा आधी बघ. १५ वर्षांखालच्या मुलांचे पासपोर्ट ५ वर्षांचेच असतात, तिकडेच लोक फसतात.

अनघा, बी-६०२: बघितला. जूनमध्ये संपतोय 🤦‍♀️

वैशाली, ए-७०१: मग आज रात्रीच पासपोर्ट सेवाच्या साइटवर नूतनीकरणाचा अर्ज टाक आणि फ्रान्सचा स्लॉट पुढचा घे. नवा पासपोर्ट क्रमांक आल्याशिवाय शेंगेनचा फॉर्म भरू नकोस.