लोलिता कॉस्प्ले नाही, म्हणून हॉलबाहेर काढणार?

ओसुकरीण (नागोया)
काल इथे कुणीतरी लिहिलं: "अ‍ॅनिमे कन्व्हेन्शनला झालरीचे फ्रॉक घालून येणाऱ्या मुली कुठलं पात्र करत नाहीत, काही बनवत नाहीत, नुसती गर्दी करतात. त्यांना फोटोच्या जागेत उभं राहू देऊ नये." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

लोलिता, म्हणजे ही झालरीच्या फ्रॉकांची जपानी फॅशन, कॉस्प्ले नाही, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश नाही, हे आम्हीच कधीपासून घसा फोडून सांगतोय! टोकियोच्या कॉमिकेटचा, म्हणजे तिथल्या कॉमिक्सच्या मोठ्या मेळ्याचा, नियम बघा. कॉस्प्ले घरून घालून यायचं नाही, तिथल्या चेंजिंग रूममध्ये बदलायचं आणि उतरवूनच बाहेर पडायचं. लोलिता हे आमचे कपाटातले कपडे आहेत, ते घालून आम्ही ट्रेनने फिरतो. नाटकातली नऊवारी आणि आजीची नऊवारी एकच का? मिसाको आओकी नर्सची नोकरी सांभाळून लोलिता मॉडेलिंग करायची. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र खात्याने तिला 'कावाई' म्हणजे गोंडस फॅशनची दूत नेमलं, तेव्हा ती कुठल्या अ‍ॅनिमेतलं पात्र होती?

आणि "काही बनवत नाहीत" म्हणे. स्कर्टच्या प्रिंटमधली सगळ्यात बारीक चेरी ज्या लालात आहे, नेमक्या त्याच लालाचे मोजे शोधायला किती वेळ जातो ते विचारा. आत कॅनकॅन किती थरांचा, घेर बसल्यावर दबतो की नाही, लेस सुती की चरचरीत पॉलिस्टरची, हे सगळं बघावं लागतं. डेकोरा या भडक सजावटीच्या फॅशनवाल्या मुली केसांत ढिगाने क्लिपा लावतात, त्यातही रंगांचा हिशोब असतो.

फोम_हीटगन (मुंबई)
पोस्ट माझीच आहे आणि मी माघार घेणार नाही. रात्र-रात्र जागून चिलखतासाठी ईव्हीए फोम कापायचा, सांधे घासायचे, रंग पिऊ नये म्हणून फेव्हिकॉलचे हात द्यायचे. एवढं करून मुंबईच्या दमटपणात खांद्याचा पत्रा सुटतो तो सुटतोच. तुम्ही ३० हजार येनचा ड्रेस विकत घेता आणि गर्दी तुमच्याभोवती. नागोयाच्या वर्ल्ड कॉस्प्ले समिटला पोशाख स्पर्धकांनी स्वतःच बनवावा लागतो. तो नियम उगाच नाही.

बोहरी_आळी (पुणे)
मुद्द्याचं बोललात! पण मग ऑनलाइन मागवलेलं चिलखत घालून स्टेजवर जाणाऱ्यांचं काय? एका स्पर्धेत माझ्यासमोर तयार घेतलेल्या पोशाखाला बक्षीस मिळालं. मी रविवार पेठेत दुकान-दुकान फिरून लेस जमवलेली, अस्तर हाताने टाचलेलं. परीक्षकांनी शिवण उलटून बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

लाल_बॉबिन (ठाणे)
माझा झगा आईने शिवला. चुण्या तिच्या, बाह्या तिच्या. डिझाइन, विग, तलवार माझी. फॉर्मवर खरं लिहिलं तर "हे तुझं काम नाही" म्हणून बाद केलं. टेलरकडे शिवून खोटं बोलणारे आत गेले. हा कुठला न्याय?

बोहरी_आळी
आईने शिवला तर आईचं काम, एवढं साधं आहे.

लाल_बॉबिन
मग तुमची लेस तुम्ही विणली होती का? आई पायाला पट्टा बांधून मशिनवर बसली होती. तिच्याबद्दल असं बोलायचं नाही.

ओसुकरीण
अहो, मूळ प्रश्न फोटोच्या जागेचा होता!

निळा_पॅरासोल (बंगळूर)
फोटोचं निघालंच आहे तर, न विचारता फोटो काढणाऱ्यांवर कधी बोलणार? कॉमिकेटला लोक रांग लावतात, विचारतात, मग कॅमेरा उचलतात. आपल्याकडे मागून, खालून, जेवताना. माझ्या बहिणीने त्यापायी जाणं सोडलं. फ्रॉकवाल्यांनी किती जागा अडवली हे मोजणाऱ्यांना हे दिसत नाही का?

जुनं_हाराजुकू (टोकियो)
तुम्ही सगळे उरलेल्या सावलीवर भांडताय. टोकियोतल्या हाराजुकू भागात पोरं नटून जमायची तो रविवारचा वाहनबंद रस्ता १९९८ मध्ये गेला. 'फ्रुट्स' मासिक १९९७ पासून तिथल्या पोरांचे फोटो छापत होतं, ते २०१७ मध्ये थांबलं. फोटो काढावा अशी मुलंच उरली नाहीत, असं मासिक काढणाऱ्या शोइचि आओकींनीच सांगितलं. फॅशन रस्त्यावरच जगते, हॉलमध्ये आली की तिचा देखावा होतो.

ओसुकरीण
रस्ता गेला म्हणूनच तर मुली हॉलमध्ये आल्या! कुठे जायचं त्यांनी? नागोयातल्या आमच्या ओसु बाजारात समिटच्या वेळी कॉस्प्लेवाले मिरवतात. एरवी त्याच गल्ल्यांत आम्ही जुने कपडे धुंडाळतो. दोघांनाही तिथे जागा पुरते.

फोम_हीटगन
बरं. फोटोच्या जागेत उभं राहा, तेवढं सोडलं. न विचारता फोटो काढणाऱ्यांचंही पटलं, माझ्या हेल्मेटला हात लावून खेचणारे तेच असतात. पण कारागिरीच्या स्पर्धेत विकतचा ड्रेस नको, यावर मी ठाम आहे.

ओसुकरीण
आम्ही तिथे नाव देतच नाही. हे कालच विचारलं असतं तर कालच सांगितलं असतं.

लाल_बॉबिन
आणि फॉर्मवर 'शिलाई कोणाची' असा वेगळा रकाना हवा. आईचं नाव लिहायला मला लाज नाही, बाद करायला त्यांना वाटली पाहिजे.

बोहरी_आळी
रकान्याला हरकत नाही. गुण मात्र तुझ्या तलवारीचेच.