डिव्हिडंडवाले शेअर : कमाई की आपलेच पैसे आपल्याला परत?

निवांत :
गेली सहा वर्षं मी फक्त डिव्हिडंड (कंपनी भागधारकांना रोख वाटते तो लाभांश) देणारे शेअर घेतोय. पद्धत एकदम साधी, स्क्रीनर (शेअर चाळून यादी देणारी साइट) उघडायचा, यील्ड, म्हणजे भावाच्या मानाने डिव्हिडंड, जास्त असलेले वर आणायचे आणि पहिल्या पंधरा-वीसात जे नाव ओळखीचं वाटेल ते उचलायचं. आज माझ्या खरेदी किमतीवर सरासरी साडेसात टक्के पडतात. भाव वर जावो नाहीतर खाली, मला विकायचंच नाही तर बघायचं कशाला, मेसेज येतो, पैसे जमा होतात, विषय संपला. पण मेव्हणा म्हणतो की हे नुसतं मनाचं समाधान आहे, डिव्हिडंड म्हणजे रिटर्न नव्हे आणि तू सहा वर्षांत रिटर्न एकदाही मोजलेला नाहीस. आता खात्यात आलेले पैसे खोटे कसे असतील? दोन्ही बाजूंनी बोला, फक्त भांडू नका.

ताळेबंद :
मी मेव्हण्याच्या बाजूचा, राग मानू नका. समजा शेअर १०० ला घेतला, पाच वर्षं दरवर्षी ६ डिव्हिडंड आला आणि आज भाव ८८ आहे. तुम्ही म्हणणार सहा टक्के मिळतायत. पण आले ३० आणि भावात गेले १२, म्हणजे पाच वर्षांत पदरात पडले १८, आणि तारखा धरून काढलं तर वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या आसपास बसतं. बाकीचे तुमच्याच मुद्दलातनं निघाले आणि वर मेसेज आला की अभिनंदन, जमा झाले.

एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्याने घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण डिव्हिडंडएवढा खाली उघडतो, बाजाराच्या गडबडीत ते दरवेळी दिसत नाही एवढंच. कंपनीच्या तिजोरीतली रोकड कमी झाली तर कंपनीची किंमत तेवढी कमी होणारच ना. मिलर आणि मोदिलियानी या अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्येच मांडून ठेवलंय की कर आणि खर्च बाजूला ठेवले आणि कंपनीचा धंदा तोच राहिला, तर डिव्हिडंड दिला काय न दिला काय, भागधारकाच्या एकूण संपत्तीत फरक पडत नाही. डाव्या खिशातनं उजव्या खिशात.

पेन्शनर_काका :
कर आणि खर्च बाजूला ठेवलेल्या बाजारात मी राहत नाही हो, मला तिथला पत्ता द्या, मी पण येतो.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डिव्हिडंड नसेल तर घरखर्चाला दर तिमाहीला थोडे शेअर विकायचे, हा सल्ला मलाही खूप जणांनी दिला, कागदावर बरोबरच आहे. पण २००८ ला बाजार कोसळला तेव्हा विकायचं बटण दाबताना हात काय म्हणतो ते कागदावर नसतं. मी घाबरून गरजेपेक्षा जास्त विकून बसलो आणि भाव वर आले तेव्हा बाहेर उभा. डिव्हिडंड येत असता तर ते बटण दाबायची वेळच आली नसती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात, मायरन गॉर्डन नावाच्या अर्थतज्ज्ञाने मिलर-मोदिलियानींच्या विरोधात जे मांडलं ते साधारण हेच.

आणि दुसरं, नफा कागदावर फुगवता येतो, डिव्हिडंड द्यायला बँकेत रोख लागते. पैसा साठला की मॅनेजमेंटला नको ती कंपनी विकत घ्यायची हुक्की येते, त्यापेक्षा आमचा आम्हाला द्या ना. मायक्रोसॉफ्टने २००३ ला सुरू केला, ॲपलने २०१२ ला परत सुरू केला, मेटा आणि अल्फाबेटने २०२४ ला. या काही बुडत्या कंपन्या नव्हत्या.

शंकेखोर :
काका, रोख लागते हे खरं पण ती कर्जाची पण असू शकते! नफा ५, डिव्हिडंड ६, वरचा १ कुठून आला हे कोणी बघतच नाही. जनरल इलेक्ट्रिक बघा, एके काळी डोळे झाकून घ्यायचा शेअर. २००९ ला तिमाही डिव्हिडंड ३१ सेंटवरनं १० वर, नंतर हळूहळू २४ पर्यंत नेला, लोक परत विसावले, २०१७ ला निम्मा आणि २०१८ ला १ सेंट. एक सेंट! जे त्या डिव्हिडंडवर घर चालवत होते त्यांचं उत्पन्न पण गेलं आणि भाव पण गेला, दोन्ही एकदम, कारण दोन्हीचं मूळ एकच असतं ना.

निवांत, तुमची ती वरून पंधरा-वीस वाली पद्धत सगळ्यात डेंजर आहे. यील्ड म्हणजे डिव्हिडंड भागिले भाव. डिव्हिडंड ८, भाव १००, यील्ड आठ टक्के. आता कंपनीत काहीतरी बिनसलं, बाजाराला वास लागला, भाव ५० झाला, तर स्क्रीनर मागच्या वर्षीचा ८ धरून सोळा टक्के दाखवतो आणि नेमकी आजारी कंपनी यादीत सगळ्यात वर येते. म्हणजे तुम्ही रांगेत पहिला पेशंट निवडताय. त्यात एखादीने जमीन नाहीतर एखादा विभाग विकून एकदाच स्पेशल डिव्हिडंड दिला असेल तर तो पण त्याच आकड्यात मिसळलेला.

निवांत :
हे माहीत नव्हतं, मान्य. पण माझ्याकडे एक शेअर आहे ज्याने गेल्या वर्षी ३००% डिव्हिडंड दिला, तो पण आजारी?

शंकेखोर :
😄 ते तीनशे टक्के दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर असतात राव, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत २ असेल तर डिव्हिडंड ६. बाजारभाव ६०० असेल तर यील्ड एक टक्का. बातमीत मात्र ३०० छापतात.

पेन्शनर_काका :
कर्ज काढून वाटणारी कंपनी घ्या असं मी कधी म्हटलं? बघून घ्या म्हणतोय. माझं यील्ड सगळ्यात शेवटी येतं. आधी पेआउट, म्हणजे नफ्यातला किती हिस्सा वाटला, सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या वर सतत असेल तर मी विचारतो की वाढीला काय उरलं. मग फ्री कॅश फ्लो, म्हणजे धंद्यातनं आलेली रोकड वजा यंत्रं-इमारतींवरचा खर्च, त्यातनं डिव्हिडंड आरामात निघतो का ते पाच-सात वर्षांचं. मग कर्ज. आणि मग वाईट वर्षात काय केलं ते. तेल, धातू असल्या धंद्यांत चांगल्या वर्षाचा यील्ड बघून घेतला की फसलात, बीपीने २०१० च्या तेलगळतीनंतर डिव्हिडंड थांबवला होता आणि शेलने २०२० ला ४७ सेंटचा १६ केला, दुसऱ्या महायुद्धानंतरची त्यांची पहिली कपात. एवढं बघून घेतल्यावर चार टक्केच मिळेनात का, मी खूश.

ताळेबंद :
काका, तुमची निवड चांगली आहे, पण मग हे डिव्हिडंडमुळे चांगलं नाही, धंदा चांगला म्हणून चांगलं. तोच धंदा डिव्हिडंड न देता तेवढीच रोकड चांगल्या दराने परत कामाला लावत असेल तर तो तुमच्या चाळणीत येतच नाही. बर्कशायर हॅथवे या कंपनीने वॉरन बफेंच्या हाताखाली एकदाच डिव्हिडंड दिलाय, १९६७ ला, १० सेंट. तुमच्या नियमाने ती कंपनी नापास.

शिवाय कर. डिव्हिडंड कंपनीच्या मर्जीने येतो आणि बहुतेक ठिकाणी त्या वर्षी पूर्ण रकमेवर कर लागतो. विकलं तर कर फक्त नफ्याच्या भागावर आणि कधी विकायचं ते मी ठरवणार.

पेन्शनर_काका :
नापास तर नापास. सगळ्या चांगल्या कंपन्या माझ्याकडे असल्याच पाहिजेत असं कुठे आहे, मला रात्री झोप लागली पाहिजे.

हिशेबनीस :
कुणाचं तत्त्व बरोबर ते चालू द्या, पण निवांत, तुम्ही मोजलंच नाहीये हा मुद्दा बाजूला पडतोय. खरेदी किमतीवरचे साडेसात टक्के हा आकडा मनाला छान वाटतो पण निर्णयाला निरुपयोगी. माझा एक शेअर १०० चा ४०० झाला, डिव्हिडंड १६, खरेदीवर सोळा टक्के म्हणून मी मिरवत होते. पण आज ते ४०० माझ्याकडे आहेत, त्यावर मिळतात चार. ठेवायचा की दुसरीकडे न्यायचा हे चारवर ठरतं.

आता कसं मोजायचं. स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने, तारीख आणि रक्कम. खरेदी वजा चिन्हाने (ब्रोकरेजसकट), डिव्हिडंड अधिकने, जमा झालेल्या तारखेला, कर वजा करून. विक्री अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचं मूल्य, जणू आजच सगळं विकलं. मग एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून वर्षाचा रिटर्न टक्क्यांत काढणारा स्प्रेडशीटमधला फॉर्म्युला. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वजा चिन्ह टाकायचंच विसरले आणि अर्धा तास त्या एररकडे बघत बसले, मला वाटलं फॉर्म्युला बिघडलाय, अहो सगळे आकडे एकाच चिन्हाचे असतील तर ते उत्तर देणार कुठून. दुसरी चूक, डिव्हिडंडमधनं परत शेअर घेतले तर डिव्हिडंड अधिक आणि नवी खरेदी वजा अशा दोन्ही ओळी हव्यात. मी फक्त पहिली टाकत होते, त्यामुळे नवे शेअर फुकट आल्यासारखे दिसायचे आणि रिटर्न फुगायचा. आणि वर्ष व्हायच्या आत एक्सआयआरआर बघू नका, वीस दिवसांत चार टक्के वाढ झाली तरी तो वर्षाचे शंभराच्या वर दाखवतो.

ॲपवर विसंबू नका. माझ्या ब्रोकरच्या ॲपमध्ये नफा-तोट्यात डिव्हिडंड धरलेलाच नाही, त्यामुळे एक शेअर दोन वर्षं लाल दिसत होता, प्रत्यक्षात तो नफ्यात होता. म्हणजे बघा, निवांत फक्त डिव्हिडंड बघतात आणि ॲप फक्त भाव, दोघं अर्धं अर्धं.

शंकेखोर :
ताई एकदम बरोबर, एकच जोडतो. तुलना कशाशी करता ते पण बघा. माझा मित्र दोन टक्क्यांनी इंडेक्सला (बाजाराच्या निर्देशांकाला) हरवलं म्हणून पार्टी मागत होता, याने स्वतःचा डिव्हिडंड धरलेला आणि इंडेक्स घेतलेला बिनडिव्हिडंडचा. एस अँड पी ५००, डाऊ, निफ्टी, सेन्सेक्स, रोज बातम्यांत येतात ते आकडे फक्त भावाचे असतात, डिव्हिडंड धरलेला टोटल रिटर्न इंडेक्स वेगळा मिळतो. उलट जर्मनीच्या डॅक्सचा नेहमीचा आकडा डिव्हिडंड धरूनच असतो, त्यामुळे डॅक्स आणि डाऊ शेजारी ठेवून कोण पुढे म्हणणारे पण चुकतात.

ताळेबंद :
आणि ती पंचवीस वर्षं सलग डिव्हिडंड वाढवणाऱ्यांची ॲरिस्टोक्रॅट यादी कुणी आणायच्या आत सांगतो, त्या यादीतनं कपात करणारा बाहेर काढतात. वॉलग्रीन्सने २०२४ च्या सुरुवातीला डिव्हिडंड जवळपास निम्मा केला, गेली यादीतनं. आजची यादी बघून सगळे किती भरवशाचे म्हणणं म्हणजे पास झालेल्यांचाच फोटो बघून शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणण्यासारखं आहे.

पेन्शनर_काका :
मी कुठली यादी आणली नव्हती. पण बोललात ते खरं आहे.

निवांत :
दोन रात्री बसून सगळ्या एंट्री शोधल्या, बँकेच्या स्टेटमेंटमधनं एक एक डिव्हिडंड. अकरा शेअर. खरेदीवर साडेसात म्हणत होतो, एक्सआयआरआर आला ५.१. तीन शेअरनी वाट लावली, तिन्ही त्या यील्डच्या यादीत सगळ्यात वर होते तेव्हा घेतलेले, त्यातल्या दोघांनी नंतर डिव्हिडंड पण कापला. बाकी आठ ठीक आहेत, काकांच्या चाळणीतनं सहा पास होतात. त्याच तारखांना टोटल रिटर्न इंडेक्समध्ये टाकले असते तर किती झाले असते ते पण काढलं, पण इथे लिहीत नाही, मेव्हणा हा धागा वाचतो.

तरी डिव्हिडंड सोडणार नाही, फक्त उचलायची पद्धत बदलतोय. एक शंका, एका शेअरचं मधे स्प्लिट झालं, एकाचे पाच. त्या तारखेला काय टाकायचं?

हिशेबनीस :
काहीच नाही. पैसे हललेच नाहीत तर ओळ कशाला. फक्त शेवटच्या ओळीत आजची वाढलेली संख्या गुणिले आजचा भाव धरा. बोनसला, म्हणजे कंपनी फुकट जादा शेअर देते तेव्हा, पण तेच.

पेन्शनर_काका :
आणि मेव्हण्याला म्हणावं, तू पण तुझा एक्सआयआरआर आण.