अनुभव धागा : सिलिॲक आणि बाहेरचं जेवण

माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला सूज येते. घरातून गहू, मैदा, रवा, जव सगळं गेलं आणि घरचं आता नीट बसलंय, प्रश्न बाहेरचा आहे. वेटर म्हणतो "ताई, यात गहू नाही", ते खरंही असतं, पण त्याच तव्यावर आत्ताच पोळी भाजलेली असते त्याचं काय? पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, म्हणजे चिमूटभर पीठसुद्धा जास्तच झालं. तर तुम्ही कुठे खाता, आचाऱ्याला नेमकं काय विचारता ते लिहा. वजन कमी करायला गहू सोडलेल्यांनी कृपया इथे लिहू नका, हॉटेलवाले आपल्याला त्यांच्यातच धरतात आणि थोडंसं चालतं असं समजतात.

विदर्भी
भाकरी मिळते म्हटलं की अर्ध काम झालं असं वाटायचं. पण एका थाळीच्या हॉटेलात आत डोकावलो तर भाकरी मोडू नये म्हणून ज्वारीत कणीक मिसळत होते! तेव्हापासून मी आधी फोन करतो, दुपारी चारच्या सुमारास, गर्दी नसते तेव्हा, आणि मॅनेजरशी न बोलता भाकरी करणाऱ्या मावशींशीच बोलतो. ॲलर्जी वगैरे सांगून काही पोचत नाही, "मावशी, डॉक्टरांनी गहू बंद केलाय, पिठाचा हात लागला तरी आतड्याला सूज येते" असं सांगितलं की त्या स्वतः परात धुतात, तवा घासतात आणि आपली भाकरी सगळ्यात आधी टाकतात. अशी जागा सापडली की मी ती सोडत नाही.

किनारा
मालवण, गोवा फिरताना मासे खायला मिळतात पण फ्राय जपून. तांदळाच्या पिठातली सुरमई मागितली तरी तवा आणि तेल रव्याच्याच माशांचं. मी करी, भात, सोलकढी एवढंच घेते आणि करीत घट्टपणाला काही पीठ लावलंय का विचारते.

चाफा
हिंग! डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, घटक वाचून बघा. म्हणजे वरण, सांबार, चटणीची फोडणी सगळंच आलं. मी इडली घेते आणि चटणी फोडणी न घालता मागते. रवा इडली अर्थातच नाही.

विदर्भी
@चाफा, हे माहीतच नव्हतं, आज घरातली डबी बघतो.

एकादशी
माझा सगळ्यात भरवशाचा प्रश्न : "उपासाचं तेल वेगळं आहे का?" हे कुठल्याही आचाऱ्याला पटकन कळतं, कारण उपासवाल्या गिऱ्हाइकाला समोशाचं तेल चालत नाही हे त्याला पाठच असतं. कढई वेगळी असेल तर साबुदाणा खिचडी, भगर, दाण्याची आमटी बिनधास्त खाते, आषाढी आणि नवरात्रात तर चैनच. फक्त राजगिऱ्याचं पीठ कुठे दळलं ते विचारायचं, चक्की गव्हाची असेल तर पुरी नको.

मिलानकर
इटलीत हे फारच सोपं आहे. इथे सिलिॲकवाल्यांची राष्ट्रीय संघटना हॉटेलांना प्रशिक्षण देते, त्यांची यादी असते, पिझ्झासुद्धा मिळतो. शिवाय डिसेंबर 2014 पासून युरोपियन युनियनमध्ये सुट्या पदार्थांचीही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते, एकूण 14 घटक, त्यात ग्लुटेन असलेली धान्यं आली. आपल्या भारतीय हॉटेलात मात्र मी तंदुरी चिकन घेत नाही, त्याच तंदुरात नान असतात.

धागाकर्ती
किती उपयोगी लिहिताय सगळे! पुढच्या महिन्यात नात्यातलं लग्न आहे, बुफे आहे. तिथे कसं करता?

एकादशी
केटररला आदल्या दिवशी भेटा आणि तिचं ताट जेवण मांडायच्या आधी आतूनच वाढून घ्या. एकदा बुफे सुरू झाला की पुरीचा चमचा भातात जातो, मग तिथलं काहीच नको. आणि डबा सोबत ठेवाच, कोण काय म्हणेल याचा विचार करू नका, लेकरू पोटभर जेवलं पाहिजे.