कस्तुरबांचा तुरुंगवास

अण्णा, तुम्ही लिहिलंत की कस्तुरबांनी फक्त नवऱ्याची साथ केली. हे मला अजिबात पटत नाही.

1913 सालचंच घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं कायद्यापुढे टिकेनाशी झाली. म्हणजे आपल्या बायका कायद्याने बायकाच उरल्या नाहीत! तेव्हा निषेध म्हणून बा, म्हणजे कस्तुरबा, परवान्याशिवाय नाताल प्रांताची हद्द ओलांडून शेजारच्या ट्रान्सवाल प्रांतात शिरल्या (भारतीयांना तशी मनाई होती), पकडल्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या. सुटल्या तेव्हा प्रकृती पार ढासळली होती. हद्द ओलांडण्याचे हे धैर्य त्यांचे स्वतःचे होते, उसने नव्हे.

पुढे 1939 मध्ये राजकोट संस्थानातल्या प्रजेच्या हक्कांच्या लढ्यात, वय सत्तरीकडे झुकलेलं असताना, पुन्हा स्थानबद्धता. आणि 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे गांधीजींना अटक झाल्यावर शिवाजी पार्कवरच्या सभेत त्यांच्या जागी बोलायला निघाल्या त्या बाच. सभेआधीच त्यांना पकडलं. नंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासातच, 22 फेब्रुवारी 1944 ला गेल्या. इतकं सोसलेल्या बाईला नुसती ‘साथ’ कशी म्हणायची?

आपल्या बेळगावात काँग्रेसच्या 1924 च्या अधिवेशनाचा विषय निघाला की गांधीजींचं अध्यक्षपद, गंगाधरराव देशपांड्यांची मेहनत, अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, सगळं अभिमानाने सांगितलं जातं, आणि सांगावंच. पण निपाणी-खानापूरकडच्या शाळांत मुलींना भाषणं लिहून देताना 1913 चा हा तुरुंगवास घालायला काय हरकत आहे?