गावच्या लोककला महोत्सवाची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी करावी का?

प्रश्न : कुडाळ तालुक्यातील एक ग्रामस्थ

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात गेली काही वर्षे मे महिन्यात, म्हणजे चाकरमानी सुट्टीसाठी घरी आलेले असतात तेव्हा, ग्रामस्थ मिळून लोककलांचा महोत्सव भरवतात. शाळेच्या पटांगणात दशावतार, चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या, फुगड्या आणि भजन असा कार्यक्रम असतो आणि प्रवेश सर्वांना विनामूल्य असतो. खर्च वाडीवाडीतून गोळा होणाऱ्या वर्गणीवर चालतो. आता रक्कम वाढू लागली आहे. मुंबईचे देणगीदार रीतसर पावती मागतात आणि तालुक्यातील व्यापारी नोंदणी क्रमांक विचारतात. दुसरीकडे, नोंदणी झाली की महोत्सव गावाच्या हातून सुटून चार पदाधिकाऱ्यांचा होईल, अशी भीती काही वडीलधाऱ्यांनी बैठकीत बोलून दाखवली. बाहेरून नामवंत गायक आणून तिकीट लावावे, असेही काहींचे मत आहे. माझी इच्छा एवढीच आहे की या पैशातून वृद्ध कलाकारांना आधार मिळावा आणि गावातील मुलांना या कला वर्षभर शिकता याव्यात. नोंदणी करावी का, आणि करायची तर कोणत्या स्वरूपाची? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : विश्वस्त संस्थांचे हिशेब पाहणारा एक वाचक

दरवर्षी वर्गणी गोळा होत असेल तर नोंदणी अवश्य करावी. आज आपण ज्या पद्धतीने पैसे जमवता, त्यालाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क लागू होते. गणेशोत्सव मंडळे धर्मादाय कार्यालयाकडून दरवर्षी जी तात्पुरती परवानगी घेतात, ती याच कलमाखाली असते. म्हणजे नोंदणी टाळल्याने कायद्यातून सुटका होत नाही.

याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये गरिबी किंवा संकटाचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्याबरोबरच समाजाच्या हितासाठी करमणुकीच्या व फावल्या वेळेतील उपक्रमांच्या सोयी पुरवणे आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य करणे यांचाही धर्मादाय प्रयोजनांत समावेश आहे. त्यामुळे कलामहोत्सव भरवणारी संस्था धर्मादाय ठरू शकते. मात्र ‘दरवर्षी महोत्सव भरवणे’ एवढाच उद्देश संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. स्थानिक लोककलांचे शिक्षण देणे, गरजू व वृद्ध कलाकारांना साहाय्य करणे, गावातील मुलांसाठी कलावर्ग चालवणे, असे उद्देश आधी लिहावेत आणि महोत्सव हे त्यांचे एक साधन म्हणून नोंदवावे. पुढे पदाधिकारी बदलले तरी पैसा कशासाठी आहे हे घटनाच सांगेल, आणि एखाद्या वर्षी पावसामुळे किंवा अन्य कारणाने महोत्सव झाला नाही तरी संस्थेचे काम थांबणार नाही.

स्वरूपाविषयी सांगायचे तर, केवळ विश्वस्तपत्र करून न्यास स्थापन केल्यास कारभार मोजक्या विश्वस्तांकडे राहतो आणि वडीलधाऱ्यांना वाटणारी भीती तेथे खरी ठरू शकते. त्याऐवजी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात जणांनी मिळून संस्था स्थापन करावी आणि ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवावी. महाराष्ट्रात अशी दुहेरी नोंदणी सर्वत्र रूढ आहे. अशा संस्थेला सर्वसाधारण सभा असते, ठरावीक मुदतीने निवडणूक असते, आणि प्रत्येक वाडीचा किमान एक सदस्य कार्यकारिणीत असावा असा नियम घटनेतच घालता येतो. निवडणुकीनंतर झालेला बदल ९० दिवसांच्या आत बदल अर्जाद्वारे धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जुनीच नावे वर्षानुवर्षे नोंदवहीत राहिलेल्या आणि त्यातून वादात सापडलेल्या संस्था पुष्कळ दिसतात.

देणगीदारांना ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी करसवलत हवी असल्यास आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ती सवलत २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला मिळत नाही, हे मुंबईकरांना आधीच कळवावे. तसेच केवळ लोकोपयोगी कार्य या सदरात बसणाऱ्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची प्राप्ती, उदाहरणार्थ दुकानांचे भाडे किंवा तिकीटविक्री, वर्षाच्या एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांहून अधिक झाल्यास त्या वर्षीची करमाफी धोक्यात येते. तिकिटाचा निर्णय घेताना हा आकडा समोर ठेवावा.

उत्तर २ : दशावताराची एक प्रेक्षक, सावंतवाडी

कायद्याविषयी वरील सदस्यांनी सविस्तर लिहिले आहे. मी केवळ तिकीट आणि पाहुणे गायक यांविषयी लिहिते. जत्रेतला दशावतार देवळासमोर सर्वांसाठी खुला असतो. लहान मुले, म्हाताऱ्या बायका आणि दिवसभर राबलेले मजूर एकाच पटांगणात बसून तो पाहतात. तिकीट लावले की सर्वांत आधी हीच माणसे बाहेर राहतील. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतो आणि त्याला प्रवेश विनामूल्य असतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला आणि तो तिकिटावर चालतो, पण तेथे देशभरातून कलाकार येतात आणि त्याचा श्रोताही निराळा आहे. आपल्या गावाने पहिला मार्ग धरावा, असे मला मनापासून वाटते.

नामवंत गायकाच्या मानधनात स्थानिक कलाकारांचे कितीतरी प्रयोग होऊ शकतात. दशावतारी कलाकार कार्तिकापासून वैशाखापर्यंत रात्री जागवतो, लिखित संहितेशिवाय आख्यान उभे करतो आणि पाऊस सुरू झाला की शेतीकडे वळतो. त्याच्या म्हातारपणाची तरतूद कोठेच नसते. आपल्या शेजारच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या कलांचे संग्रहालय उभारले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथ्या आणि बाहुल्या टिकल्या त्या अशा घरांमुळे. आपल्या संस्थेने पहिल्याच वर्षी पावसाळ्याच्या चार महिन्यांत शाळेत एक वर्ग सुरू करावा, शिकवणाऱ्या कलाकाराला दरमहा ठरावीक मानधन द्यावे, आणि मंडपाच्या रोषणाईवरील खर्च त्यासाठी खुशाल कमी करावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पावसाळी वर्गाची सूचना मी येत्या बैठकीत मांडतो. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या समितीतील एक काका स्वतः दशावतारी कंपनी चालवतात. ते कार्यकारिणीत असल्यास त्यांच्या कंपनीला मानधन देता येईल का? आणि आखाती देशांत नोकरी करणारी आमच्या गावची मुले पैसे पाठवू इच्छितात. ते स्वीकारावेत का?

उत्तर १ देणारे वाचक

काकांच्या कंपनीला मानधन देता येते, पण ते इतर कंपन्यांना दिले जाते तेवढेच असावे. पदाधिकाऱ्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला वाजवीपेक्षा अधिक लाभ दिल्यास संस्थेची करमाफी जाऊ शकते. तो विषय निघेल तेव्हा काकांनी बैठकीतून उठावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. त्यांच्या अनुभवाला मात्र मुकू नये. कलाकार नसलेली कलासंस्था मला तरी पटत नाही.

परदेशी नोकरी करणाऱ्या मुलांकडे भारतीय पारपत्र असेल आणि ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील, तर ती विदेशी देणगी मानली जात नाही. पारपत्राची प्रत आपल्या दप्तरी ठेवावी. ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडून, ते मूळचे आपल्याच गावचे असले तरी, केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज एक रुपयाही घेऊ नये. ती नोंदणी मिळण्यासाठी संस्था सर्वसाधारणपणे तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या काळात तिने मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात.

उत्तर ३ : मालवणचे एक वाचक

एक व्यावहारिक मुद्दा राहून गेला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही; सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी बारापर्यंतची सवलत राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच देऊ शकते. आपला महोत्सव त्या दिवसांत बसत नसल्यास प्रयोग संध्याकाळी सातलाच सुरू करावा. वेळ अपुरा पडला की सर्वप्रथम गणपती, सरस्वती आणि संकासुराचा आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, कापला जातो, आणि तसे झाल्यास नव्या मुलांना तो पाहायलाच मिळणार नाही. म्हणून पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणे दुपारच्या कार्यक्रमात उरकून घ्यावीत, आणि संध्याकाळ पूर्णपणे नाटकासाठी राखून ठेवावी.