विषय: १४ वर्षांची गाडी, प्रामाणिक गॅरेज हवंय

नमस्कार मंडळी,

बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या गाडीला १४ वर्षं झाली, २ लाख ३० हजार किलोमीटर झालेत, आणि गेल्या आठवड्यात चेक इंजिनचा लाईट लागला. गाडी चालते व्यवस्थित, पिकअप तोच आहे, अॅव्हरेजही कमी झालेलं नाही, फक्त सकाळी गार इंजिन सुरू केलं की पहिली दोन-तीन मिनिटं बॉनेटखालून टकटक आवाज येतो आणि मग आपोआप जातो. घराजवळच्या एका गॅरेजला नेली, त्यांनी स्कॅनर लावला आणि पंधरा मिनिटांत यादी हातात दिली: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), दोन्ही ऑक्सिजन सेन्सर, इंजिन माउंट (इंजिन धरून ठेवणारे आधार), इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), पुढचे ब्रेक पॅड. बेरीज केली तर गाडीच्या किमतीच्या वर जाते. का बदलायचं विचारलं तर म्हणे पी ०४२० कोड आलाय, कॉम्प्युटरच सांगतोय, आम्ही काय करणार.

मला गाडीतलं फारसं कळत नाही, आणि काउंटरवरच्या माणसाला ते दोन मिनिटांत कळतं. बायकोची रात्रपाळी असते, ती एकटी येते-जाते, त्यामुळे लाईट तसाच ठेवून चालवायला मन होत नाही आणि नवीन गाडी आत्ता शक्य नाही. तुम्ही विश्वासाचं गॅरेज कसं शोधलंत ते सांगाल का प्लीज?

----

उत्तर: १४ वर्षांची गाडी, प्रामाणिक गॅरेज हवंय

अरे, आधी ती यादी बाजूला ठेव, घाई करू नकोस.

मी तीस वर्षं जुन्याच गाड्या वापरतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर गेला असं कॉम्प्युटर म्हणत नाही. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पुढच्याचं रीडिंग सारखं वरखाली होत असतं, मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहायला हवं. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की कॉम्प्युटर हा कोड टाकतो, बास. आता तो का नाचतोय? कन्व्हर्टर खरंच संपला असेल, सेन्सर म्हातारा झाला असेल, किंवा एक्झॉस्टला कुठेतरी फट पडून बाहेरची हवा आत जात असेल. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा मिसफायर होत असेल, म्हणजे इंधन नीट पेटत नसेल, तरी कन्व्हर्टर खराब होतो, आणि मूळ दुखणं तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जातो. पंधरा मिनिटांत यातलं काय तपासलं त्यांनी?

तू जे टकटक लिहिलंयस ना, मला ते कोडपेक्षा महत्त्वाचं वाटतंय. गार असताना आवाज आणि तापल्यावर बंद, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा पाइप) गॅस्केटमधून लीक असू शकतं, धातू तापून फुगतो आणि फट बुजते. टॅपेटचाही (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा भाग) असा आवाज येतो, त्यामुळे लांबून ठामपणे सांगत नाही. पण हे गार इंजिनवरच बघावं लागतं. गाडी चालवत नेलीस तर तिथे पोचेपर्यंत आवाज गेलेला असणार. म्हणून ज्या गॅरेजला नेशील त्यांना हे सांग, आणि तो जर म्हणाला की आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, मी सकाळी बघतो, तर समज की माणूस ऐकतोय.

शोधायचं कसं म्हणशील तर टॅक्सीवाल्यांना विचार. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई जाते, ते उगाच पार्ट बदलणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. मग गॅरेजबाहेर कुठल्या गाड्या उभ्या आहेत ते बघ, तुझ्या कंपनीच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या दिसल्या तर चांगलं. आणि तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर नाराज होऊ नकोस. फुकट तपासणारा ते पैसे पार्ट विकूनच काढणार, बऱ्याच मोठ्या चेनमध्ये तर जेवढं काम विकलं तेवढं कमिशन असतं. दुखणं शोधायला डोकं लागतं आणि वेळ लागतो, त्याचे पैसे मी आनंदाने देतो.

----

उत्तर: १४ वर्षांची गाडी, प्रामाणिक गॅरेज हवंय

काकांचं अगदी पटलं, मी फक्त ब्रेकबद्दल लिहिते कारण तुमच्या यादीत तेही आहे.

दोन वर्षांपूर्वी मलाही असंच सांगितलं होतं, मॅडम पॅड संपलेत, मुलांना घेऊन चालवू नका. मी म्हटलं दाखवा, तर म्हणे वर्कशॉपमध्ये कस्टमरला येता येत नाही. मुलांचं नाव घेतल्यावर आई घाबरतेच, मीही घाबरले, पण सही केली नाही, गाडी हळूहळू चालवत दुसरीकडे नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक काढलं, मला खाली बसायला सांगितलं आणि पॅडला गेज लावून दाखवलं. ६ मिलिमीटर शिल्लक होते. नवीन पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचे असतात आणि ३ च्या आसपास आले की बदलायचे. मग त्याने डिस्कवरचा गंज बोटाने पुसला आणि तिथे कोरलेला बारीक आकडा वाचायला लावला, कमीत कमी जाडी किती चालते ते डिस्कवरच लिहिलेलं असतं, मला इतकी वर्षं माहितीच नव्हतं. बिलावर त्याने लिहून दिलं, पुढे डावं ६, उजवं ६, पुढच्या सर्व्हिसला बघणे. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी "संपलेत" हा शब्द ऐकून घेत नाही, किती मिलिमीटर आहेत ते विचारते.

अजून एक, जुना पार्ट परत हवा हे काम सुरू होण्याआधी सांगा, नंतर सांगितलं तर तो कचऱ्यात गेलेला असतो. अल्टरनेटर, स्टार्टर, कॅलिपर यांचा जुना नग बऱ्याचदा बदल्यात परत द्यावा लागतो, तो घरी नाही नेता येत पण बघता तर येतो. आणि एस्टिमेट लेखी घ्या, त्यातच आत्ता करायलाच हवं काय आणि थांबलं तर चालेल काय हे वेगळं लिहून मागा. हे वेगळं करून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे मी परत जात नाही.

----

उत्तर: १४ वर्षांची गाडी, प्रामाणिक गॅरेज हवंय

सगळं बरोबर आहे पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. जास्त पैसे सांगणारा प्रत्येक जण लबाड नसतो आणि स्वस्तात करून देणारा प्रत्येक जण भला नसतो. माझ्या आधीच्या गाडीला याच कोडसाठी एका ओळखीच्या गॅरेजने अगदी स्वस्तातला कन्व्हर्टर बसवला, माणूस गोड होता, वर्षभरात तोच कोड परत आला. कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, स्वस्त मालात ते कमी घातलेलं असतं. त्यामुळे कुठला पार्ट घालणार, कंपनीचा की बाहेरचा, आणि वॉरंटी किती, हे विचाराच.

आणि इंजिनवर एक पैसा घालायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज बघून घ्या, रस्त्यावर मीठ टाकतात अशा ठिकाणी गाडी वापरली असेल तर नक्कीच. सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट), ब्रेकच्या नळ्या, जॅक लावायच्या जागा. तिथे सडलं असेल तर वरचा खर्च पाण्यात. २ लाख ३० हजार म्हणताय तर इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात फिरवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन तेही बघा. बेल्ट असेल तर तो साधारण १ लाख ते दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा बघा, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग इंजिनच गेलं. बेल्टच्याच जागी वॉटर पंप असेल तर तोही त्याच वेळी करून घ्या, उघडायची मजुरी तीच असते. पहिल्या गॅरेजने फ्लश सुचवला आणि बेल्टचा विषयच काढला नाही, हे मला जास्त खटकलं.

----

उत्तर: १४ वर्षांची गाडी, प्रामाणिक गॅरेज हवंय

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे झाले, काय झालं ते कळवायचं राहून गेलं होतं.

काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन टॅक्सीवाल्यांना विचारलं, दोघांनी एकाच गॅरेजचं नाव घेतलं. दोन लिफ्टचं छोटंसं आहे, मालक स्वतः काम करतो. त्याने स्कॅनरच्या आधी मला विचारलं, आवाज कधी येतो, ऑइल किती टॉपअप करता, शेवटचं काम काय झालं होतं. गाडी संध्याकाळी ठेवून घेतली आणि सकाळी मी पोचेपर्यंत सुरूच केली नाही. माझ्यासमोर चावी फिरवली, टकटक सुरू झाली, टॉर्च मारून मॅनिफोल्डच्या कडेला काजळीची काळी रेघ दाखवली, गॅस तिथूनच बाहेर येत होता. एक स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारा बोल्ट, तुटलेला होता. म्हणाला आधी हे बंद करू, कन्व्हर्टरला आत्ता हात लावायचा नाही, लीक असताना त्याच्याबद्दल काही सांगताच येत नाही. तुटका स्टड ड्रिल करून काढायला त्याच्या अंदाजापेक्षा दोन तास जास्त लागणार होते, तर आधी फोन करून विचारलं आणि मगच पुढे गेला.

गॅस्केट आणि दोन स्टड बदलले, कोड पुसला, पण त्याच वेळी म्हणाला की आज लाईट गेला म्हणजे झालं असं धरू नका, कॉम्प्युटर स्वतःची टेस्ट पूर्ण करायला काही दिवस घेतो, रोजच्यासारखी चालवा आणि परत या, मी फुकट बघतो. १२ दिवस आणि ७०० किलोमीटर चालवून नेली, टेस्ट पूर्ण झालेली होती, कोड नाही. ताई, पॅड पुढे ५ मिलिमीटर आहेत, बिलावर लिहून घेतलंय. बेल्ट नाही, चेन आहे. माउंटना त्याने पहार लावून हलवून दाखवलं, एक किंचित सैल आहे पण चालेल म्हणाला. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप मात्र दाबून बघ म्हणाला, टोकाला फुगून मऊ पडला होता, पहिल्या यादीत त्याचं नावही नव्हतं. तो लगेच बदलून घेतला कारण रात्री दोन वाजता तोच फुटला असता तर बायको रस्त्यात अडकली असती.

आता एकच राहिलंय. मागच्या ब्रेकच्या नळीवर वरवरचा गंज आहे, तो म्हणतो सहा महिन्यांनी परत बघू, मला वाटतंय आत्ताच बदलून टाकावी. फोटो सोबत जोडलाय, ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा मोठा करून बघाल का? गॅरेजचा पत्ता कुणाला हवा असेल तर मला वेगळी मेल करा, मालकाला विचारूनच देतोय, तो म्हणाला एकदम दहा गाड्या नका पाठवू, मग मला नीट बघता येत नाही.